लाँचवर घरचा टीव्ही: हलणाऱ्या बोटीवर काय ठेवायचं आणि काय नाही

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमची लाँच तापोळ्याच्या बाजूला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात असते, हंगामात तुम्ही आणि वडील राखणीला रात्री लाँचवरच झोपता. मेढ्याच्या घरी डिशची छत्री आहे, फायबरचं नेट आहे. घरी दर महिन्याला पैसे भरतोच, मग तोच टीव्ही मोबाईल डेटावरून लाँचवर का बघू नये, हा तुमचा प्रश्न. रोजचा दोन जीबीचा प्लॅन आहे. वडिलांना संध्याकाळच्या दोन मालिका आणि बातम्या हव्यात, तुम्हाला क्रिकेट.

होईल. पण तुम्ही विचारलंय "कुठलं मशीन घेऊ?" आणि ते सगळ्यात शेवटी ठरतं. मी साताऱ्यात वीसेक वर्षं केबल, नेटवर्क आणि कॅमेऱ्यांची कामं करतो. कोयनेच्या पाण्यावर चार-पाच लाँचची कामं केली, त्यातलं पहिलं सपशेल फसलं. ते पुढे सांगतोच.

आधी एक गाठ सोडवू. तुम्हाला घरचा सेट-टॉप बॉक्स बघायचाय की त्यावर लागणारे चॅनेल? दोन्ही एकच वाटतं, पण खर्चात आणि कटकटीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पैसे भरून घेतलेल्या बहुतेक डिश सेवांचं स्वतःचं अ‍ॅप असतं आणि मराठी वाहिन्यांच्या मालिका त्यांच्या त्यांच्या अ‍ॅपवर येतात. वडिलांच्या दोन्ही मालिका तिथे मिळत असतील तर घरच्या बॉक्सला हात लावायची गरजच नाही. मोबाईल टीव्हीला जोडला की झालं. माझ्याकडे असा प्रश्न घेऊन आलेल्या निम्म्या लोकांचं काम इथेच संपलं, आणि माझी मजुरीही बुडाली. तेव्हा घरच्या प्लॅनबरोबर काय काय फुकट मिळतं ते एकदा बघा. तुमच्याच नंबरावर नोंदलेलं असतं, फक्त कोणी उघडलेलं नसतं.

"मग लाँचच्या टपावर दुसरी छत्रीच लावतो" असं बरेच जण म्हणतात, म्हणून तेही सांगून टाकतो. डीडी फ्री डिशचं उदाहरण घ्या. त्याचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या भागातून छत्री आग्नेयेला तोंड करून साधारण ६० अंश वर बघते. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंशांची असते. मधल्या रेषेपासून दीड अंश सरकली की सिग्नल अर्धा. लाँच दोराला बांधलेली असली तरी वाऱ्याने पाच-दहा अंश सहज फिरते, शेजारून दुसरी लाँच गेली की डुलते ती वेगळीच. जहाजांवर असतात त्या छत्र्या आतल्या मोटरने स्वतःला सतत फिरवत राहतात, त्यांच्या किमतीत तुमचं नवं इंजिन येईल. म्हणून छत्री लाँचवर नाही. जे जागेवर ठेवता येतं ते जागेवरच ठेवायचं आणि पाण्यावर कमीत कमी न्यायचं, हे धोरण पुढेही लागू पडेल.

आता रेंज. इथे जरा सावकाश जाऊ, कारण निम्मे पैसे इथेच वाया जातात.

सांगलीकडे कृष्णेच्या पात्रात काम असेल तर मुलूख सपाट, टॉवर नजरेत, फारसं डोकं लावावं लागत नाही. कोयनेचं खोरं तसं नाही. दोन्हीकडे डोंगर उभे, पाणी वळणावळणाने गेलेलं. एका वळणावर चार काड्या आणि शंभर पावलांवर शून्य. त्यात पाण्याची पातळी. धरण भरलं की पाणी २१६३ फुटांच्या आसपास असतं, मे महिन्यात ते खूप खाली उतरतं आणि लाँच त्याच्याबरोबर घळीत उतरते. डिसेंबरात जो टॉवर सोंडेवरून दिसतो तो मे महिन्यात त्याच सोंडेच्या आड जातो. त्यामुळे "तापोळ्याला कुठल्या कंपनीची रेंज चांगली?" याला कोणी एका शब्दात उत्तर दिलं तर विश्वास ठेवू नका. कुठल्या महिन्यात आणि धक्क्याच्या कुठल्या बाजूला, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

काड्याही बघू नका. मोबाईलच्या सेटिंगमध्ये "सिम स्टेटस" उघडलं की सिग्नलचा आकडा दिसतो, उणे चिन्हासकट. उणे ८० ते ९० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११० च्या खाली गेलं की चित्र अडखळणार, उणे १२० म्हणजे नादच सोडा. ही मोजणी लाँच जिथे रात्री बांधता तिथेच करा आणि रात्री नऊला करा. दुपारी चारचा आकडा कामाचा नाही. शनिवारी तापोळ्याच्या तंबूंत पर्यटक भरले की एकाच टॉवरवर सगळे तुटून पडतात. तेव्हा सिग्नल पूर्ण असतो आणि वेग मात्र गोगलगायीचा. दोन-तीन कंपन्यांची सिमं कोणाकडून तरी मागून घ्या, ४८०पी वर, म्हणजे मध्यम प्रतीच्या चित्रावर, एखादा व्हिडिओ तासभर चालू ठेवा आणि किती वेळा थांबला ते कागदावर लिहा. एक शनिवार आणि एक मधला वार, एवढी दोन रात्रींची परीक्षा पुरे. याला खर्च शून्य, आणि यात नापास झालात तर पुढचं काहीच घेऊ नका.

सिम निवडताना एक गोष्ट कामाची. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी डोंगराच्या कडेवरून थोड्या वाकून खाली उतरतात, २३०० च्या किंवा ५जीच्या ३३००-३६०० च्या तशा उतरत नाहीत. म्हणून खोऱ्यात ५जीची चिन्हं शोधत बसू नका, खालच्या पट्ट्यावरचं साधं ४जी जास्त इमानी. "अनलिमिटेड ५जी" म्हणून घेतलेला प्लॅन तिथे ४जीवर पडला की रोजच्या कोट्यातूनच डेटा कापत जातो, हेही लक्षात असू द्या.

आता माझं फसलेलं काम. एका लाँचच्या पत्र्याच्या टपावर मी एकाच दिशेला बघणारी लांबट अँटेना बसवली. केबिनवर पत्रा असला की आत मोबाईलच्या दोन काड्या जातातच, त्यामुळे अँटेना बाहेर हवी हे बरोबरच होतं. दुपारी नेटचा वेग बारा एमबीपीएस मिळाला, मालक खूश, मी चहा पिऊन कासमार्गे साताऱ्याला परत. रात्री नऊला फोन, "दादा, मॅच गेली." संध्याकाळी वारं फिरलं होतं, लाँच दोरावर अर्धा वळसा घेऊन बसली होती आणि माझी अँटेना टॉवरकडे पाठ करून वासोट्याच्या जंगलाकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी परत घाट. मग चौफेर घेणारी अँटेना लावली. मॅच दिसायला लागली, पण वेग निम्म्याहून खाली आला. चौफेर अँटेनाला सगळीकडचं ऐकावं लागतं, त्यामुळे कुठलंच नीट ऐकू येत नाही.

त्यानंतर मी पद्धत बदलली. लाँच रोज रात्री एकाच धक्क्याला बांधत असाल तर अँटेना आणि सिमचा राऊटर काठावर, जमेल तितक्या उंच जागी ठेवा. स्वतःच्या जागेत, नात्यातल्या कोणाच्या घराच्या किंवा टपरीच्या छपरावर. जलाशयालगतची जागा सरकारी असते, तिथे परस्पर खांब रोवू नका. काठावरची अँटेना एकदा टॉवरकडे वळवून घट्ट आवळली की ती तिथेच राहते, म्हणून दिशा धरणारी अँटेना इथे शोभते. काठावरून लाँचपर्यंत साधं वायफाय न्यायचं. बाहेर लावायचं वायफायचं रुंद कोनाचं यंत्र पाण्याकडे तोंड करून ठेवा, लाँचच्या टपावर एक छोटं चौफेर घेणारं. शे-दोनशे मीटर आणि मध्ये आडोसा नाही, मग लाँच कितीही फिरली तरी फरक पडत नाही. फक्त उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तेव्हा हे अंतर दुप्पट-तिप्पट होतं, त्या हिशेबाने यंत्र थोडं दणकट घ्या.

वीज असेल तर उत्तम. नसेल तर राऊटर आणि वायफाय मिळून बारा-पंधरा वॅट खातात, संध्याकाळचे पाच तास धरले तरी पाऊणशे वॅट-तासांच्या आत. पन्नास वॅटचं सोलर पॅनेल आणि छोटी बॅटरी हंगामभर पुरते. वायर मात्र पाइपातून न्या. तिकडची वानरं उघडी वायर ठेवत नाहीत, हा स्वानुभव. आणि वळवाचे ढग दिसले की अँटेनाची केबल काढून ठेवायची.

लाँच रोज वेगळ्या ठिकाणी असेल तर हे जमणार नाही, मग टपावर चौफेर अँटेना हाच मार्ग. त्यात दोन सूचना. अँटेनापासून राऊटरपर्यंतची वायर जितकी आखूड तितकी चांगली. बाजारात मिळणारी बारीक काळी वायर १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे पाऊण डेसिबलच्या आसपास सिग्नल खाते. दहा मीटर वायर ओढलीत तर अँटेनाने जे कमावलं ते वायरनेच खाल्लं. दुसरं, पाण्यावर सिग्नल दोन वाटांनी येतो, एक सरळ आणि एक पाण्यावरून उसळी घेऊन. दोन्ही कधी एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना मारतात. अँटेना अर्धा-पाऊण मीटर वर-खाली करून आकडा बघत जा. मी एकदा काठी कापून अँटेना खाली आणली आणि सिग्नल वाढला. मालकाला अजून पटलेलं नाही.

बाजारात "बूस्टर" म्हणून डबी मिळते. परवान्याशिवाय ती लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि ती आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडवते. अख्खं तापोळं तुमच्या नावाने बोटं मोडेल. अँटेना आणि राऊटर वेगळे, बूस्टर वेगळा. दुकानदार घोळ घालतो, तुम्ही घालू नका.

डेटाचा हिशेब सोपा आहे. एक एमबीपीएसने तासभर चित्र आलं की ४५० एमबी जातात. दोन जीबीत साधारण साडेचार तास. चोवीस इंची टीव्हीवर मालिका आणि बातम्या एक एमबीपीएसला बऱ्या दिसतात. क्रिकेटला दोन तरी लागतात, नाहीतर चेंडू दिसतच नाही, नुसता फलंदाज नाचताना दिसतो. दोन एमबीपीएसला दोन जीबी सव्वादोन तासांत संपतात, म्हणजे वीस षटकांचा एक सामनाही पुरता होत नाही. कोटा संपला की कंपन्या वेग ६४ केबीपीएसवर आणतात, त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा फोटोही रडत उतरतो. तेव्हा लाँचसाठी वेगळं सिम घ्या आणि त्याला रोजच्या कोट्याऐवजी महिन्याचा एकठोक डेटा मिळतो का बघा. मालिकेच्या दिवशी वाचलेला डेटा सामन्याच्या दिवशी वापरता आला पाहिजे. अ‍ॅपमध्ये चित्राची प्रत "ऑटो"वर ठेवू नका. रेंज चांगली मिळाली की ते गपकन वरची प्रत पकडतं आणि तासाला दोन-तीन जीबी गिळतं.

इथपर्यंत सगळं जमलं आणि तरीही घरचाच बॉक्स हवा असेल, तर मेढ्याकडे वळू.

हा खटाटोप नवा नाही. अमेरिकेत २००५ मध्ये स्लिंगबॉक्स नावाचं यंत्र आलं होतं. घरच्या टीव्हीच्या बॉक्सला जोडायचं आणि जगात कुठूनही तो बॉक्स बघायचा, चॅनेलही बदलायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने सर्व्हर बंद केले आणि लोकांच्या घरातली ती यंत्रं एका दिवसात डबडी झाली. जुन्या बाजारात स्वस्त दिसलं म्हणून कोणी आणू नका. मी सांगतो तो मार्ग कोणा परक्या सर्व्हरच्या आयुष्यावर अवलंबून नसावा, याचं कारण हेच.

घरच्या बाजूला बघायचा आकडा अपलोडचा. घरी चित्र येतं ते डाउनलोडने, पण लाँचला ते पाठवायचं म्हणजे अपलोड. फायबर असल्याने तुमचं चालून जाईल, तरी रात्री नऊला एकदा मोजा. स्थिर चार-पाच एमबीपीएस अपलोड मिळाला की डोळे मिटून पुढे जा. ज्यांच्या घरीही सिमवरचंच नेट आहे त्यांना मी हा उद्योग करू नका म्हणतो.

बॉक्समधून चित्र काढायची अडचण मोठी. एचडीएमआयच्या वायरीतून येणारं चित्र एचडीसीपी नावाच्या कुलपात असतं, ते पकडायला गेलं की काळा पडदा. कुलूप तोडायच्या वाटा मी सांगणार नाही. बऱ्याच बॉक्सना मागे पिवळी-लाल-पांढरी जुनी पिन असते, तिथून साधं चित्र मिळतं. लाँचवरच्या छोट्या टीव्हीला आणि एक एमबीपीएसला ते पुरतं. पण तुमच्या सेवेच्या अटींत ते बसतं का हे वाचून घ्या. आणि हे घरच्यांपुरतंच. दिवसा पर्यटकांना लाँचवर सामना दाखवायला लागलात तर ते सार्वजनिक प्रदर्शन झालं, त्याला वेगळा परवाना लागतो.

मला स्वतःला दुसरी वाट आवडते. घरी फ्री डिशची एक छत्री वेगळी लावायची आणि तिची वायर बॉक्सऐवजी छोट्या कॉम्प्युटरला जोडलेल्या ट्यूनरमध्ये, म्हणजे चॅनेल पकडणाऱ्या डबीत घालायची. त्यातले बरेच चॅनेल कुलूपबंद नाहीत, सह्याद्री आहेच. कॉम्प्युटरवर टीव्हीहेडएंड हा मोफत प्रोग्रॅम चॅनेल पकडतो, रेकॉर्ड करतो आणि चित्र लहान करून पाठवतो. चित्र लहान करायला यंत्रात तशी सोय लागते. इंटेलच्या एन१०० सारख्या प्रोसेसरच्या लहान पीसीत ती आहे. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घ्यायची हौस असेल तर चौथ्या पिढीत आहे, पाचव्यातून ती काढून टाकली, म्हणजे नवं म्हणून महाग आणलं आणि फसलो असं होईल.

घरापर्यंत बाहेरून पोचायचं कसं? बहुतेक नेटवाले आता घराला इंटरनेटवरचा स्वतःचा वेगळा पत्ता देत नाहीत, एका पत्त्यामागे शेकडो घरं असतात. त्यामुळे जुन्या व्हिडिओंत दाखवतात ते "पोर्ट उघडा" चालत नाही, आणि चाललं तरी घराचं दार उघडं टाकण्यासारखं आहे. घरच्या पीसीवर आणि लाँचवरच्या मोबाईल किंवा टीव्ही बॉक्सवर टेलस्केल हा प्रोग्रॅम टाका, घरगुती वापराला फुकट आहे. दोन्ही यंत्रं एकमेकांना शोधतात आणि मधलं सगळं कुलूपबंद राहतं. त्यालाही परका सर्व्हर लागतोच, पण तो बहुतेक वेळा फक्त ओळख करून देतो, थेट वाट मिळाली नाही तरच चित्र त्याच्यामार्फत जातं, आणि उद्या तो बंद झाला तरी पर्याय आहेत, घरचं यंत्र डबडं होत नाही.

यानंतरची खरी डोकेदुखी घरी वीज गेल्याची. वीज येते, राऊटर उठतो, पण सेट-टॉप बॉक्स झोपलेलाच राहतो, कोणीतरी रिमोट दाबेपर्यंत. लाँचवर तुम्ही काळा पडदा बघत बसता आणि घरी फोन करून आईंना सांगता, "जरा लाल बटण दाब." पीसी आणि ट्यूनरला हा त्रास नाही, वीज आली की आपोआप सुरू व्हायची खूण त्याच्या सेटिंगमध्ये एकदा करून ठेवायची. राऊटर आणि पीसीला छोटा यूपीएस द्या.

वडिलांच्या मालिकांसाठी मी तर थेट बघायचंच नाही म्हणेन. मालिका घरी रेकॉर्ड होऊ दे, ती लहान करून फोनवर आपोआप उतरू दे. दुपारी तुम्ही मेढ्यात किंवा बाजारात असताना घरच्या वायफायवरच उतरवून घेतलीत तर मोबाईल डेटाला धक्काही नाही. अ‍ॅपमध्येही बऱ्याच ठिकाणी डाउनलोडची सोय असते. मालिका एक दिवस उशिरा बघितली म्हणून सुनेचं आणि सासूचं भांडण मिटलेलं नसतं. थेट हवं ते फक्त सामना आणि बातम्या, आणि सगळी रेंज, सगळा डेटा त्यांच्यासाठी राखून ठेवता येतो.

राहिली लाँचवरची वीज. टीव्ही १२ व्होल्टवर थेट चालणारा घ्या, चोवीस इंचाचा तीसेक वॅट खातो. इन्व्हर्टर लावून २३० चा टीव्ही चालवला तर इन्व्हर्टर स्वतःच काही वॅट नुसता बसून खातो. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तरी टीव्ही आणि वायफाय मिळून बारा-तेरा तास चालतात. मात्र ही बॅटरी इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळी हवी. रात्री सामना बघून सकाळी स्टार्टर फिरला नाही तर पर्यटक धक्क्यावर उभे. आणि इंजिन सुरू करताना व्होल्टेज क्षणभर कोसळतं, त्यात राऊटर बंद होऊन परत उठायला दोन मिनिटं घेतो. मध्ये स्थिर बारा व्होल्ट देणारा छोटा कन्व्हर्टर टाका.

तेव्हा आधी त्या दोन रात्री मोजा. सिमचं नाव, रात्री नऊचा आकडा, पाणी किती उतरलंय आणि धक्क्यापासून टॉवर कुठल्या दिशेला, एवढं इथे लिहा. काठावर वीज आहे की नाही तेही. मग अँटेना कुठली आणि खांब किती उंच, ते मी सांगतो.